बाहेर जायची इजाजत

लघवीला लागली तर लेकरानं ते कोणत्या जबानीत सांगायचं, हेसुद्धा जिथं ठरवून दिलं होतं, अशा शाळेत मी पहिली नोकरी केली. निजामाचं राज्य होतं. बेंबळीच्या अंगाचं गाव, एकच खोली, तीत चार इयत्ता आणि आम्ही दोन मास्तर. आता हातपाय थकलेत, पण ते आठवलं की अजून माथं भडकतं.

नियम असा होता. पोरानं उठायचं, हात बांधायचे आणि हेडमास्तरांना म्हणायचं, "जनाब, बाहर जाने की इजाज़त चाहता हूँ." चुकलं की खाली बस, पुन्हा चुकलं की छडी. घरात मराठी नाहीतर कानडी ऐकणाऱ्या पहिलीतल्या लेकराच्या जिभेला हे वळायचं कसं? बरं, सरकारचा कायदा म्हणावा तर तेही नाही. खालच्या वर्गांचं शिकवणं मराठीतच चालायचं. हे खूळ हेडमास्तरांचं स्वतःचं. आपल्याच भाषेचा माणूस, घरी सोवळं कडक, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबापुढं मिरवायला हे असलं! राजापेक्षा राजनिष्ठ, दुसरं काय.

त्या साली शाळेत एकच मुलगी होती. एका शेतकऱ्याची धाकटी लेक, घरात कानडी बोलणारी. एक दिवस ती उठली, हात बांधले, "जनाब" म्हणाली आणि अडकली.

"पुढं?" हेडमास्तर म्हणाले.

पुढचं तिला येईना.

"बस खाली."

ती बसली आणि बसल्या जागी तरट भिजलं. सगळा वर्ग खिदळला. हेडमास्तरही हसले. हो, हसले! शिकवायला बसलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. बाप बैलांना वैरण टाकत होता.

"गुरुजी, लेक शिकली न्हाय तरी चालंल," तो म्हणाला, "पर चारचौघांत तिची अशी शोभा नगं."

मी लई विनवलं. तेव्हा म्हणाला, "पोळ्यापर्यंत बघतो. मग मात्र दप्तर खुंटीला, ते कायमचं."

मी नदीतनं एक काळा गुळगुळीत दगड आणला आणि शाळेच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. खालचे दोन वर्ग माझ्याकडं होते. त्यांना म्हणालो, "आजपासून कुणाला काही विचारायचं नाही. दगड जागेवर असला तर उठायचं, दगड घेऊन बाहेर जायचं, हात धुऊन यायचं, दगड परत जागेवर ठेवायचा. दगड नसला तर कुणीतरी गेलंय, थांबायचं." सांगून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी मीच दगड घेऊन बाहेर जाऊन आलो. पोरं पोट धरून हसली. मग एकेकाला उठवून तालीम घेतली: तरट ओढायचं नाही, शेजाऱ्याच्या पाटीवर पाय द्यायचा नाही, दगड आपटायचा नाही. जो चुकला त्यानं पुन्हा करून दाखवायचं, छडी नाही.

आणि काय सांगू, वर्ग गप झाला! पूर्वी "जनाब, जनाब" करून बाजार भरायचा, एक उठला की मागोमाग दहा जण बोरीखाली पळायचे. आता एक जायचा, एक यायचा. ती मुलगीही जायची, यायची, मान वर करून. हेडमास्तर म्हणायचे, "मास्तर, शाळा आहे का गोट्यांचा खेळ? साहेब मुआयन्याला आले की तोंडघशी पडाल."

पडलो! श्रावणातल्या सोमवारी शाळा सारवणाऱ्या म्हातारीला कोनाड्यात काळा गोल दगड दिसला. तिनं भक्तीनं त्याला आंघोळ घातली, विभूतीचे पट्टे ओढले, वर बेल वाहिला. मंगळवारी पोरं कोनाड्यासमोर हात जोडून उभी.

"अरे, जायचंय ना? घे की."

"गुरुजी, देवाला घिऊन लघवीला कसं जायचं?"

मी विभूती पुसली, बेल काढला. पण एकदा देव झाला की झाला, कुणी हात लावीना. आणि नेमका त्याच दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांचा मुआयना. काढलेला बेल दगडाशेजारी तसाच होता. साहेबांनी विचारलं, "मदरसे में पूजा?" त्यांचा मला राग नाही, त्यांना काय माहीत? पण हेडमास्तर तो दगड रोज बघत होते. त्यांना एक शब्द बोलता आला असता. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. दगड झुडपात गेला. साहेबांची पाठ फिरताच हेडमास्तरांनी छडी आपटली, "उद्यापासून इजाजत!"

पोळा तोंडावर आला होता. मी बापाला जे झालं ते सांगितलं.

सकाळी तो लेकीला घेऊन शाळेच्या दारात आला. हातात झिजलेलं, टाच गेलेलं एक पायताण. ते त्यानं कोनाड्यात ठेवलं. "गुरुजी, याला कोण बेल वाहतंय बघू."

हेडमास्तर ताडकन उठले. "विद्येच्या ठिकाणी पायताण! उचला ते!" पण स्वतः उचलायचं तर सोवळं आडवं आलं. जवळ ती मुलगी होती. "ए पोरी, तू ने ते बाहेर."

ती उठली. तरट ओढलं नाही, कुणाच्या पाटीवर पाय दिला नाही. पायताण घेतलं आणि बाहेर गेली. हेडमास्तरांनी माझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलं.

थोड्या वेळानं ती परत आली. हात ओले होते. पायताण तिनं कोनाड्यात जागेवर ठेवलं, आपटलं नाही, आणि खाली बसली.

"अगं, बाहेर ने म्हणालो ना तुला?"

"न्हेलं की जी," ती म्हणाली. "जाऊन आले."

बाप अजून दारातच होता. "बस मग," तो तिला म्हणाला. "सांजच्याला न्यायला येतो."