गोठ्यावर पडलेला दगड

कळमनुरीजवळच्या आमच्या गावात भर दुपारी मोठा आवाज झाला आणि आमच्या गोठ्याचा पत्रा फोडून मुठीएवढा दगड आत पडला. बांधावरून शेजाऱ्याशी भांडण चालूच होतं. बाबांनी त्याच्यावरच आळ घेतला. तो शपथा घेत राहिला. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

सुट्टीत गावी गेले तेव्हा मी दगड पाहिला. एका बाजूला काळं, जळाल्यासारखं कवच होतं.

"बाबा, हा आभाळातून आला असंल."

"आभाळाला आमचाच गोठा दिसला व्हय? त्यानंच फेकला."

मी कळवल्यावर सरकारी भूगर्भ खात्याकडे दगड रीतसर गेला. तपासणीसाठी मोहरीएवढे दोन कण मी काम करते त्या प्रयोगशाळेत आले. अवकाशातल्या किरणांचा मारा लाखो वर्षं सोसलेल्या दगडात निऑन वायूचा एक प्रकार साठतो, जमिनीवरच्या दगडात तो नावापुरताच असतो. लेसरनं कण तापवायचा, सुटलेला वायू वस्तुमानमापक यंत्रात मोजायचा. वायू एकदाच सुटतो.

पहिला कण मी घालवला. यंत्राची झडप किंचित गळत होती, बाहेरची हवा आत शिरली आणि पडद्यावर नुसता हवेतला आर्गॉन दिसला. मी खुर्चीत बसूनच राहिले.

झडप बदलली. कण न ठेवता तीनदा रिकामं मोजमाप घेतलं, तेव्हा कुठे धीर आला. मग दुसरा कण काचेखाली ठेवून लेसर सोडला. कण लाल झाला, पांढरा झाला, वितळला. वायू गाळून यंत्रात सोडला. आकडे हळूहळू उमटले. हवा नव्हती. निऑन होता, पाहिजे तोच आणि भरपूर.

लगेच फोन केला.

"बाबा, दगड आभाळातलाच हाय. शेजारच्या काकांनी न्हाई टाकला."

"बराबर पाहिलंस?"

"व्हय."

त्यांनी फोन बंद केला नाही. चपलांचा आवाज, मग शेजाऱ्याला मारलेली हाक ऐकू आली.

"माझं चुकलं. लेकीनं तपासलं, दगड वरूनच पडला."

"मशिनीनं सांगितलं म्हणून आलास? मी इतके दिवस सांगून राहिलो, ते काहून न्हाई ऐकलंस?"

बाबांच्या चपला परत वाजल्या आणि फोन बंद झाला.

आता दोघं बोलतात, पण कामापुरतंच. बांध तसाच आहे.