बाबांचं ‘हव’

ऑइलपेंटचा वास आला की रायपूरच्या पुरानी बस्तीतली गणपती मंडळाची ती बैठक आठवते. छत्तीसगढ राज्य नवं होतं, गल्लीत गाड्यांच्या नंबरांवर नवी अक्षरं रंगवणं चालू होतं. आमचं मराठी घर भोसल्यांच्या काळापासून तिथलंच, तरी एक तरुण नेता म्हणाला, “अब अपना राज है, अध्यक्ष परदेसिया नहीं बनेगा.” इतकी वर्षं अध्यक्ष बाबाच होते. शेजारच्या म्हाताऱ्या काकीनं विचारलं, “बेटा, तैं हमरे पारा के हस ना?” म्हणजे, तू आमच्याच मोहल्ल्यातला ना. बाबा म्हणाले, “हव.” छत्तीसगढीत हव म्हणजे हो. सगळे हसले, “ये तो छत्तीसगढ़िया निकले,” आणि हार बाबांच्याच गळ्यात पडला. घरी येताना मी विचारलं, “बाबा, तुम्ही छत्तीसगढीत काहून बोलले?” “पोट्टे, मी तर मराठीतच बोललो. आपल्या घरच्या मराठीतही ‘हो’ला हवच म्हणतात.” आजही माझ्या तोंडून हव निघतं, आणि ते कोणत्या भाषेतलं, हे मी कोणाला सांगत नाही.