शिवराजअण्णाचा बर्गर आणि आम्ही तिघी

आम्ही तिघी टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर लोकांचं बोलणं लोकांना जोडून द्यायचं, पण ते ऐकायचं न्हाई, आणि चुकून ऐकलंच तर सांगायचं तर अजिबात न्हाई! त्यामुळं बाहेर सांगायला आमच्याकडं फक्त आमच्याच गोष्टी उरायच्या. त्या एवढ्या साठल्यात की रिटायर झाले तरी संपायल्या न्हाईत.

ऐंशीच्या दशकातलं बिदर. सरस्वतीअक्का आमच्यात सीनियर, घरी कन्नड, पक्की शाकाहारी. मुमताज माझ्याच वयाची, दखनी बोलणारी, तोंडाची फटकळ. तिसरी मी, शांता. आमच्या खानदानातली नोकरीला लागलेली पहिली बाई.

एक्स्चेंजसमोर शिवराजअण्णाचं हॉटेल. सहा टेबलं आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली 'फॅमिली रूम'. बायकांनी हॉटेलात बसणं तेव्हा नवीनच होतं. पण आम्ही दिसलो की अण्णा स्वतः पडदा सरकवायचा आणि आत ओरडायचा, "एक्स्चेंज आलं रे!" त्या पडद्याआड जेवढं हसलो, तेवढं नंतर कुठंच हसलो न्हाई.

* * *

बिदरला विमान चालवायला शिकायला बाहेरगावची पोरं यायची. त्यातल्या एकानं अण्णाला बर्गर करायला शिकवला. दुसऱ्याच दिवशी अण्णा आमच्या पुढ्यात.

"अक्का, नवीन आयटम. बर्गर!"

अक्कानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "बरगडी?"

"बरगडी न्हाई अक्का, बर्गर."

"कुणाची का बरगडी असंना, मला चालत न्हाई!"

मुमताजला वेगळीच काळजी. "अण्णा, गोश्त हलाल का है ना?"

"गोश्तच न्हाई त्यात. बटाटा हाय."

मुमताजनं अण्णाकडं खालून वर बघितलं. "सिर्फ आलू? तो उसकू इत्ता बड़ा नाम कायकू?"

* * *

शेवटी तीन बर्गर आले. मी दोन्ही हातांनी धरून चावा घेतला, तर सॉस कोपरापर्यंत. मुमताजचा टोमॅटो मागच्या बाजूनं निसटून थेट मांडीवर!

अक्का मात्र शांत. तिनं पाव उघडला. आतली टिक्की चमच्यानं वेगळी खाल्ली, कांदा वेगळा खाल्ला, आणि दोन्ही पाव चहात बुडवून संपवले.

अण्णाचा जीव कळवळला. "अक्का, काय करायलीस? हे समदं एकत्र खायचं असतंय!"

"पोटात गेल्यावर एकत्रच हुतंय की!"

* * *

त्या पहिल्या बर्गरात एक गोंधळ होता. पाव गोड होता आणि त्यात लाल-हिरवी टूटीफ्रूटी! अण्णाला पाव पुरवणारा बेकरीवाला हैदराबादचा. त्याला तक्रार सांगायला अण्णानं ट्रंक कॉल बुक केला.

लाइन अशी खराब की दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येईना. असं झालं की आम्ही ऑपरेटर मधे पडून निरोप सांगायचो. मी हेडफोन लावून जीव तोडून ओरडत होते, "गोड नको म्हणायलेत! साधं पाहिजे! न्हाई जमत असंल तर पुढच्या आठवड्यापासून संबंध बंद!"

ओरडून मागं बघते तर सुपरवायझर उभे. सज्जन माणूस, चेहरा पडलेला.

"शांता," ते हळूच म्हणाले, "कुणाचं लगीन मोडलं गं?"

* * *

रमजान आला. मुमताज रोजा धरून बोर्डावर बसायची. घसा कोरडा, तरी "नंबर प्लीज" चालूच. तिच्यासमोर दुपारी डबा उघडायला आम्हाला कसंतरी व्हायचं. अक्कानं जाहीर केलं, "एक दिवस आपणबी धरू. तिला सोबत."

आम्ही धरला. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला अण्णा स्वतः एक्स्चेंजच्या गेटवर आला. कागदात गुंडाळलेले तीन गरम बर्गर आणि खजूर. आम्ही त्याला काही सांगितलंसुद्धा नव्हतं. दुपारी आम्ही चहाला हॉटेलात आलो न्हाई, यावरूनच त्यानं ओळखलं होतं.

मुमताजच्या डोळ्यांत पाणी. "अक्का, आप पूरा दिन कुछ नै खाये? मेरे वास्ते?"

अक्का खरं बोलणारी बाई. "पाणीसुद्धा पिले न्हाई बघ," ती म्हणाली, आणि बर्गरचा कागद सोडत, "फक्त डब्यातल्या त्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तेवढ्याच."

* * *

एकदा माझी आई आली, लेक कुठं काम करती ते बघायला.

आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या, बाहेर वळचणीला असायच्या. चहा उभ्यानं प्यायचा आणि आपला कप आपणच धुऊन ठेवायचा. आम्ही बौद्ध झालो तरी त्या कपबश्या तिथंच होत्या. कळायला लागल्यापासून मी त्या हॉटेलाची पायरी चढले न्हाई. आई शेतातून येताना कधीमधी तिथं चहा घ्यायची.

अक्का आणि मुमताजनं हट्टच धरला, आईला बर्गर खाऊ घालायचाच. अण्णानं नेहमीसारखा पडदा सरकवला. आई जागची हलली न्हाई.

"पडद्यात कामून? आपण काय चोरी करायलोय?"

आणि सगळ्यांत पुढच्या, रस्त्याकडच्या टेबलावर जाऊन बसली! आम्ही तिघी तिच्या बाजूला.

अण्णानं प्लेट स्वतः आणली. आईनं पदर सावरून एक घास घेतला, सावकाश चावला. "पावात बटाटा. चांगलं लागायलंय." शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. मग उठली आणि प्लेट हातात घेऊन विचारलं, "नळ कुठं हाय?"

माझी मान खाली गेली.

अण्णा गल्ल्यावरून म्हणाला, "आई, ठेवा ती तिथंच."

आईनं प्लेट ठेवली आणि परत बसली. आमची ड्यूटीची वेळ होत आली होती. मी पर्स उचलली. "चल गं आई."

"थांब जरा."

"आता कामून?"

"कोण उचलतंय ते बघू दे मला."

अण्णा गल्ला सोडून आला. प्लेट उचलली, खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसलं. "आई, च्या आणू?"

आईनं त्याच्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"दोन आण," ती म्हणाली. "अन् तूबी बस."