सरदाराचा चेहरा

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या त्या माणसाला त्याचे मित्र बत्तीशी म्हणत. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्याची एका खोलीची कार्यशाळा होती. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग बसवलेला दिवा, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. कोणाचा दात पुढे, कोणाचा आत वळलेला, कोणाचा जबडाच तिरका. हे सगळं सरळ करणं हा त्याचा धंदा. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही पुरेपूर ठाऊक होतं. बायको म्हणायची, "आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्याकडे बघतच नाही आहात. फोटोग्राफरचे दात बघताय."

शनिवारी संध्याकाळी तो मास्तरच्या घरी जायचा. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचा, पण त्याचा जीव लढायांमध्ये. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरायचं, पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडायच्या आणि बोटभर उंचीचे सैनिक घेऊन तीन-चार मित्रांनी लढाई खेळायची. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, अर्ध्या इंचावरून तावातावाने भांडायचं. सगळ्यांत जास्त भांडायचा वायरमन. त्याच्याकडे एक म्हातारा सरदार होता, रंग न लावलेला, नुसता करडा. तो मेला असं फासे सांगत, पण वायरमन मान्य करत नसे.

मग एका सकाळी शिडीवर असतानाच वायरमनला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. बत्तीशी दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा मित्राचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बत्तीशी सलाइनच्या बाटलीकडे बघत काहीबाही बोलला आणि काम असल्याचं सांगून निघून आला. पुढे वायरमन घरी आला. आज जाऊ, उद्या जाऊ, घाईचं काम संपलं की जाऊ, असं करता करता वर्ष उलटलं. फोनवर त्याचं बोलणं कळत नाही म्हणून फोनही राहून गेला.

वायरमनला पुन्हा उभं करणाऱ्या व्यायाम केंद्राला नवी साधनं हवी होती. मास्तरने कल्पना काढली, की आपण सगळ्यांनी सैनिक रंगवायचे आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचा लिलाव करायचा. हे कळल्यावर वायरमनची बायको मास्तरच्या घरी आली. सगळे तिला वहिनी म्हणत. पर्समधून तिने तो करडा सरदार काढला आणि म्हणाली, "यांचा सरदार मी रंगवते. फक्त शिकवा मला."

शिकवायचं काम साहजिकच बत्तीशीकडे आलं. रंग पातळ किती करायचा, ब्रशचं टोक कसं जपायचं, हे त्याने दाखवलं. अंगरखा आणि चिलखत तिने चांगलं जमवलं. चेहऱ्याशी आल्यावर तिने विचारलं, "भावजी, डोळे कसे काढायचे?"

"आधी काळं, मग पांढरं, मग बुबुळाचा ठिपका. दोन्ही एका रेषेत आले की झालं."

"एका रेषेतच यायला हवेत का?"

"हो तर. नाहीतर तो तिरळा दिसेल."

ती हसली आणि चेहरा घरी करते म्हणून सरदाराला घेऊन गेली.

लिलावाच्या आदल्या आठवड्यात सगळे सैनिक वार्निश मारायला बत्तीशीच्या कार्यशाळेत आले. सरदार कापसात गुंडाळून डबीत पाठवलेला होता. बत्तीशीने त्याला भिंगाखाली धरलं आणि त्याला वाईट वाटलं. उजवी पापणी अर्धी मिटलेली. ओठाची रेघ त्याच बाजूला खाली उतरलेली. गालावर नको तिथे सावली. बिचारीचा हात घसरला, त्याला वाटलं. एवढ्या लोकांसमोर मांडला तर हसतील तिला. त्याने क्षणभर फोनकडे पाहिलं, पण चूक दाखवून तिला खजील कशाला करायचं? काडीला कापूस लावून रंग उतरवायच्या द्रवात बुडवला, चेहरा पुसून काढला आणि नवा काढला. दोन डोळे एका रेषेत, ओठ सरळ, करारी. झाल्यावर त्याने दिवा मागे घेऊन सरदाराकडे बराच वेळ पाहिलं. आपण एक चांगलं काम गुपचूप केलं, याचा त्याला आनंद झाला होता.

लिलावाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला. पांढऱ्या कापडावर सैनिक मांडलेले होते. बत्तीशी लोकांना हात लावू नका म्हणून सांगत उभा होता, तेवढ्यात दारातून वायरमन आला. इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातात काठी, मागे वहिनी. बत्तीशीने वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट पाहिला. उजवी पापणी अर्धी मिटलेली. ओठाचा कोपरा खाली उतरलेला.

टेबलापाशी यायला वायरमनला वेळ लागणार होता. तेवढ्यात पुढे होऊन सांगता आलं असतं. निदान सरदाराला उचलून खिशात टाकता आलं असतं. तो मात्र खुर्च्यांच्या रांगेमागे सरकला आणि बुटाची नाडी सुटल्याचं दाखवत खाली वाकला.

वायरमनने काठी टेबलाला टेकवली, सरदाराला डाव्या हाताने उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. मग बायकोकडे पाहिलं.

"हा... मी नाही," तो म्हणाला.

वहिनीने सरदार हातात घेतला. तिची नजर हॉलभर फिरली आणि नाडी बांधत बसलेल्या बत्तीशीवर येऊन थांबली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "वार्निशने रंग बदलला असेल हो. चला, बसू."

पुढे जे झालं ते बत्तीशीला आयुष्यभर पुरणारं होतं. मास्तरने सरदाराला उंच धरून सांगितलं, "हा आमच्या वहिनींनी रंगवलाय. पहिल्यांदाच ब्रश धरला त्यांनी. चेहरा बघा, आता बोलेल असं वाटतं." टाळ्या पडल्या. लोकांनी उभं राहायला लावलं तेव्हा वहिनी अर्धवट उठली आणि लगेच बसली. सगळ्यांत मोठी बोली त्याच सरदारावर लागली. एका चष्म्याच्या दुकानदाराने तो घेतला. मास्तर बत्तीशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शिष्या तुझ्या पुढे गेली रे." बत्तीशीला धड हसताही आलं नाही. दुकानदाराच्या हातापाया पडून सरदार परत आणला असता तरी उपयोग नव्हता. खरा चेहरा कापसाला लागून केराच्या टोपलीत गेला होता.

लोक पांगल्यावर त्याने वहिनीला फाटकापाशी गाठलं. वायरमन रिक्षात बसला होता.

"वहिनी, मला वाटलं तुमचा हात चुकला."

"हात नव्हता चुकला, भावजी. यांना समोर बसवून काढला होता. पुसून पुसून तो ओठ जमवला. हेच म्हणाले, आहे तसाच काढ, म्हणजे लोकांनी आधी त्याला बघावं आणि मग मला. त्याच बोलीवर आज घराबाहेर पडले."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बत्तीशीला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत भांडी पुसत होती.

"मग जाऊन त्यांना सांगा."

"आता कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. बदलत बसू नका."

दुसऱ्या दिवशी तो गेला. दार वायरमननेच उघडलं, कडी काढायला वेळ घेत. बत्तीशी उंबऱ्यातच सगळं बोलून गेला, भिंगापासून नाडीपर्यंत. वायरमन ऐकत राहिला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "डॉक्टरांना... वर्षभर जमलं नाही. तू... एका दुपारात केलंस."

तो अर्ध्या तोंडाने हसला. बत्तीशीला हसू आलं नाही.

"त्याचा राग नाही," वायरमन म्हणाला. "तू आला नाहीस."

"बघवत नव्हतं रे."

"मला... रोज आरशासमोर दाढी करावी लागते."

बत्तीशी म्हणाला, की तसाच दुसरा सरदार मिळतो, मी आणतो, वहिनींनी पुन्हा रंगवावा. आतून वहिनीचा आवाज आला, "मी नाही आता रंगवणार." तिने चहा आणून ठेवला आणि ती पुन्हा आत गेली. वायरमनने कप डाव्या हाताने उचलला. थोडा चहा उजव्या बाजूने हनुवटीवर आला. त्याने गळ्यातल्या रुमालाने तो टिपला. बत्तीशीने भिंतीकडे नजर वळवायचं टाळलं, पण त्याला ते जड गेलं.

मास्तर मात्र भेटेल त्याला वहिनीच्या कलेची गोष्ट सांगत सुटला होता. एका शनिवारी खेळ ऐन रंगात असताना बत्तीशीने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. मास्तर फासे हातात खुळखुळवत राहिला, मग ते खाली ठेवून म्हणाला, "आणि मी त्यांना टाळ्या वाजवून उभं केलं."

त्या दिवशी लढाई अर्धवटच राहिली. पुढच्या आठवड्यापासून ते हिरवं कापड वायरमनच्या घरी पसरू लागले. मास्तरच्या घरचा जिना त्याला चढवत नाही, हे त्यांच्या वर्षभर ध्यानातच आलं नव्हतं. वहिनी त्यांच्याशी नीट बोलते, चहा देते, पण टेबलाशी येऊन बसत नाही.

बत्तीशी आता बुधवारीही जातो, एकटाच. वायरमनचं वाक्य मध्येच अडतं तेव्हा ओठांवर आलेला शब्द तो गिळतो आणि मित्र स्वतः बोलेपर्यंत थांबतो. कधीकधी फार वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला समोरच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागतं.