उचललं कुणी?

‘‘या पोरीचा हात पेटीला पोचत नाही. मग तिला उचललं कुणी?’’

मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं. हातात तक्रारपेटीतली चिठ्ठी. चौथीतल्या पोरीचं अक्षर. ‘खेळाचे सर एकटीला खोलीत बोलावतात. अंगाला हात लावतात. मला शाळेत यायचं नाही.’

पोर तिथं नव्हती. मी होते, चहाचा ट्रे घेऊन. शिराळ्याकडच्या त्या शाळेची मावशी मी. झाडायचं, पाणी भरायचं, लहान पोरींना संडासला न्यायचं.

पेटी सरकारी आदेश आला म्हणून लावलेली. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, साहेब तपासायला आले की नजरेत भरावी म्हणून. पोरांचा हात पोचतो का, हे कुणी बघितलंच नाही. दोन वर्षं रोज मी ती पुसली. आत कधी काही निघालं नाही.

पोरीनं आधी मला सांगितलं होतं, संडासच्या दारात, माझा पदर धरून. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘‘तू आपलं झाडायचं बघ. सर कोण आहेत, माहीत आहे ना?’’ माहीत होतं. संस्थाचालकांचे भाचे. मग मी पोरीला म्हटलं, लिही. आणि काखेत धरून तिला उचललं.

‘‘मावशी, तूच ना?’’

मी ट्रे पुढं केला. खेळाचे सर समोरच बसले होते. त्यांनी माझ्या ट्रेतला कप घेतला, घोट घेतला. ‘‘साखर कमी पडली, मावशी.’’

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी फाडली आणि तुकडे माझ्या ट्रेत टाकले. ‘‘टाकून ये. पेटी पुसायची, पोरं चढवायची नाहीत.’’

मी गेले. साखर आणली. सरांच्या कपात घातली, ढवळून दिली. राग नाही, रडू नाही. अंग नुसतं बधिर. तुकडे मात्र टाकले नाहीत. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. कमरेच्या पिशवीत ठेवले.

पंधरा दिवसांनी प्रशिक्षण लागलं. मुलांच्या सुरक्षिततेचं. जिल्ह्याच्या गावाहून, विश्रामबागेतून एक बाई आल्या. शिक्षक आत बसले, खेळाचे सर पहिल्या रांगेत. दारात कारकुनानं माझ्यापुढं वही धरली.

‘‘मावशी, सही कर. सगळे कर्मचारी हजर दाखवायचेत. मग कप धू.’’

पेन हातात घेतलं. आतून बाईंचा आवाज आला, ‘‘माहीत असून जो पोलिसांना कळवत नाही, तोही गुन्हेगार. शिक्षक असो, नाहीतर शिपाई.’’

इतक्या वर्षांत मला कुणी शिक्षकांच्या बरोबरीला बसवलं नव्हतं. बसवलं ते गुन्ह्यात. पण बसवलं.

‘‘आत बसल्याबिगार सही करणार न्हाई,’’ मी म्हटलं.

‘‘आणि कप?’’

‘‘ज्यानं पिला, त्यो धुईल.’’

आत गेले. सरांच्याच रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. शेवटपर्यंत उठले नाही.

संध्याकाळी पोरीच्या घरी गेले. बाप फौजेत. आई उसाची भांगलण करून नुकती आलेली. सगळं ऐकून खालीच बसली. ‘‘आवं मावशी, पोरीचं नाव जाईल गावात.’’

‘‘माझं बी नाव आईनं असंच जपलं. तिकडं माहेरी, मेढ्याला, मी शाळंत असताना. नाव ऱ्हायलं, बाई. मी न्हाई ऱ्हायले.’’

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगतानाही डोळे कोरडेच होते.

सकाळी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. चिठ्ठीचे तुकडे टेबलावर जुळवून मांडले. केस उभी राहिली. मला कामावरून काढलं. मुख्याध्यापकांनी जबाब दिला, पेटी उंचावर आहे, चौथीतली पोर चिठ्ठी टाकूच शकत नाही, सगळं रचलेलं आहे.

आता माझी साक्ष लागेल. सरांचा वकील काय विचारणार, ते मला पाठ आहे. पोरीचा हात पोचत नव्हता, मग उचललं कुणी?

मी. या हातांनी. पुन्हा उचलीन.