नमुन्याची कुलपं

आमच्या वकिलातीच्या व्यापार विभागात नमुन्यांची खोली सांभाळणारे काका सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसले. मायदेशातले छोटे कारखानदार आपला माल पाठवायचे, इथल्या गिऱ्हाइकांना दाखवायला. काका प्रत्येक वस्तू पुसून, चिठ्ठी बांधून फळीवर मांडायचे. या कामासाठी सरकार सढळ हातानं पैसा देतं. तो कशावर उडतो ते मी रोज टाइप करते: मेजवान्या, फुलं, पाहुण्यांच्या गाड्या. शिसारी येते.

एका कुलूपवाल्यानं दारात बसवायची तीन कुलपं पाठवली. पत्रात लिहिलं होतं, या महिन्यात ऑर्डर मिळाली नाही तर कारखान्याला टाळं लागेल. काकांनी एका बांधकामवाल्याच्या अक्षरशः हातापाया पडून त्याला बघायला बोलावलं.

तो आला तर फळी रिकामी! आदल्याच दिवशी आमच्या राजदूतसाहेबांच्या बाईसाहेबांनी तिन्ही कुलपं नेऊन आपल्या बंगल्यात बसवून घेतली होती.

"नमुनेच तर आहेत. कॅटलॉग दाखवा की," साहेब फोनवर म्हणाले.

"कॅटलॉगला किल्ली लावून बघणार का तो?" फोन ठेवून काका पुटपुटले. मग कोट चढवला, दुभाषी म्हणून मला सोबत घेतलं आणि गिऱ्हाइकासह थेट मागच्या बंगल्यावर गेले. फळीवरून गायब झालेलं सगळं तिथे सुखानं नांदत होतं. गालिचे, दिवे, फुलदाण्या. एवढी हाव? बाईसाहेबांच्या नाकावर टिच्चून काकांनी पाहुण्यांच्या बाथरूमचं दार उघडलं. बांधकामवाल्यानं आत जाऊन कुलूप लावलं. काकांनी बाहेरून खांदा लावून रेटलं. दार ढिम्म हललं नाही.

ऑर्डर मिळाली. काकांना मिळाली नोटीस, परक्या माणसाला बंगल्यात नेल्याबद्दल.

आठवड्यानं कुलूपवाल्याचा फोन आला. बोलताना रडत होता बिचारा. "आभाराचं पत्र पाठवायचंय. कुणाच्या नावानं पाठवू?"

काकांनी साहेबांचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.

"काका, लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?" मी भडकलेच.

"त्याला पुढचा माल इथेच पाठवायचाय, बाई. पत्रावर माझं नाव दिसलं तर साहेब त्याचं पार्सल फोडूसुद्धा देणार नाहीत."

पत्र आलं. साहेबांनी ते चौकटीत घालून केबिनमध्ये लावलं. खिळा काकांकडूनच ठोकून घेतला.