पाच शेजाऱ्यांसमोर

किदिन कुंभाराच्या घरी अझुया तेरा वर्षं माती तुडवत होती. लढाईत धरून आणलेली बाई. किदिनने ती विकत घेतली, पुढे त्याच्यापासून तिला दोन मुलगे झाले. तरी अश्शूरच्या कायद्याने ती दासीच. पाण्याला उघड्या डोक्याने जायची. दासीच्या डोक्यावर ओढणी दिसली तर कान कापत. कान कापलेली एक बाई घाटावर रोज भेटायची.

किदिनची उजवी बाजू लुळी पडली. त्याचा भाऊ उबरू येऊन चाक आणि भट्टी बघून गेला. जाताना त्याने पोरांचे दंडही चाचपले. किदिन मेला की ती आणि पोरं, तिघंही उबरूचीच. सुटायची वाट एकच होती: किदिनने पाच शेजाऱ्यांसमोर तिच्या डोक्यावर ओढणी घालायची आणि म्हणायचं, ही माझी बायको.

ओढणी तिने स्वतः विणली. हलक्या हाताचं काम तिच्याकडून होत नसे. घट्ट ठोकून विणली, जड झाली.

पाचजण येऊन बसले. किदिनने खाटेवर पडल्यापडल्या डाव्या हाताने ओढणी उचलली. हात वीतभर वर गेला आणि पडला.

"अगं, डोक्यासाठी विणलीस की बैलाच्या पाठीसाठी?" पाचांतला म्हातारा रिशिया म्हणाला.

बाकीचे हसले. अझुया पुढे सरकली.

"काका, मी नुसतं टोक धरू?"

"खबरदार! तू हात लावलास तर तूच घेतलीस असं होईल. मग मलाच तुला राजवाड्याच्या दारात ओढत न्यावं लागेल. नाही नेलं तर माझी पाठ सोलतील."

ती गुडघ्यांवर बसली, कपाळ खाटेच्या कडेला टेकवलं, हात पाठीमागे गच्च धरले. किदिन कापड ढकलू लागला. बोटभर सरकलं की थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा ढकलायचा. केसांवर चढलं आणि घसरू लागलं. तिचा हात आपसूक सुटला. रिशियाने मनगटावर काठी हाणली.

"हात मागे!"

किदिनने घसरता काठ दातांत पकडला. मान ताणून ओढला, तळवा तिच्या डोक्यावर दाबला, मग काठ सोडला.

"ही... माझी..."

श्वास अडकला. पाचहीजण पुढे वाकले. अझुयाने डोळे मिटले.

"बायको."

ती हलली नाही.

"सावर आता, सूनबाई," रिशिया म्हणाला. "पडतेय ओढणी."

"नक्की, काका?"

"नक्की."

तिने पाचांनाही एकेक करून विचारलं. पाचव्याने हो म्हटल्यावरच हात वर केला. ओढणी कपाळावर ओढून घेतली.